लायटर दाखवून कॅलिब्रेशन, ६९,३८४ रुपये पाण्यात

रबाळे एमआयडीसीत आमचं थिनरचं छोटं युनिट आहे. टोल्युइन या पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटचे ड्रम, नऊ कामगार, भिंतीवर चार गॅस डिटेक्टर. कॅलिब्रेशनची, म्हणजे मोजलेला गॅस लावून डिटेक्टरचा आकडा जुळवून घ्यायची, तारीख उलटलेली आणि ऑडिट आठ दिवसांवर, नेमका तेव्हाच ते करून देतो म्हणणारा हा माणूस आला. डिटेक्टरचे प्रत्येकी ३,२०० आणि 'कंपनीतून दुरुस्त होऊन आलेला' हातातला मीटर ४६,०००. जीएसटीसकट ६९,३८४. सगळे आगाऊ दिले.

त्याने खिशातून सिगारेटचा लायटर काढला, न पेटवता सेन्सरसमोर दाबला. आकडा उसळला, भोंगा वाजला. "बघा साहेब, ठणठणीत."

लायटर! मोजलेल्या गॅसचा सिलिंडर कुठाय, एवढंच विचारायचं होतं. २.५ टक्के मिथेन लावला की मीटरने ५० टक्के एलईएल (हवेतला गॅस पेट घेऊ शकतो ती किमान पातळी) दाखवायला हवं, हे मीच पोरांना शिकवलंय. लायटरचा गॅस इतका दाट, की अर्धमेला सेन्सरही उडी मारतो, आणि त्या दाट गॅसने आणखी खराब होतो. अठरा वर्षं या लाइनीत आहे मी, अडाणी नाही. पण खाली गाडी भरायची थांबली होती, फोन वाजत होता, मी मान डोलावली. ते आठवलं की अजून झोप उडते.

महिन्याने ड्रम ओतताना सुपरवायझरचे डोळे चुरचुरले. चारही पडद्यांवर शून्य. नुसत्या वासाने एलईएल गाठत नाही, मान्य. तरी शंका आली, म्हणून दुसऱ्याला बोलावून ५० टक्के एलईएलचा गॅस लावला. तिघांनी दहाच्या आत दाखवलं, चौथा हललाच नाही. मेलेला सेन्सरही शून्यच दाखवतो हो! सर्टिफिकेटवर चौघांना एकच सिरीयल नंबर. फाइलला लावण्याआधी तो वाचा, मी वाचला नव्हता.

पोलिस ठाण्यात म्हणाले, हा व्यवहाराचा वाद, कोर्टात जा. कारखान्यांच्या सरकारी कार्यालयात म्हणाले, खासगी माणसाचं आम्ही काय करणार. अहो, टोल्युइन हवेत १.१ टक्क्याच्या आसपास गेलं की ठिणगी पुरते! डोंबिवलीत २०१६ ला आणि २०२४ ला कारखान्यांत स्फोट झाले, ते इथून किती लांब आहे? माझे पैसे सोडा, तो हेच सर्टिफिकेट पुढच्या गाळ्यात विकतोय. चार खेपा घातल्या, चौथ्या वेळी अर्ज घेतला. पोच मागितली तर "साहेब जेवायला गेलेत".

सिलिंडरवरची एक्सपायरी बघा. बंप टेस्ट, म्हणजे थोडा गॅस लावून डिटेक्टर वाजतो का ते, समोर करून घ्या, आगाऊ एक रुपया देऊ नका. आणि टोल्युइनची वाफ जड असते, तुमचा डिटेक्टर छताला असेल तर आजच खाली घ्या.

त्याचा नंबर अजून चालू आहे. माझा फोन तेवढा उचलत नाही.