चार ऑक्टेव्हच्या मरिंबावर काय बसवावं: बाख की क्रेस्टन?

भाची अमेरिकेत कॉलेजच्या ऑडिशनची तयारी करतेय. शाळेत पाच ऑक्टेव्हचा (म्हणजे पाच सप्तकांचा) मरिंबा आहे, लाकडी पट्ट्यांवर मॅलेट्स म्हणजे गोळ्याच्या काठ्या मारून वाजवायचं वाद्य, पण घरी चारचा, आणि रियाज सगळा घरीच, म्हणून तिने विचारलं की मामा मी बसवू काय. मी स्वतः बरीच वर्षं चारवरच काढलीयेत, त्यामुळे मत आहे, आणि जरा ठाम आहे.

पाचवाल्याचा तळ म्हणजे चेलोच्या सगळ्यात जाड तारेचा सी. आपला तळ त्याच्या बरोबर एक ऑक्टेव्ह वर. मधे ४.३ वाला असतो, तो खालच्या ए पर्यंत जातो, म्हणजे फक्त तीन पट्ट्या जास्त, पण त्या तीन पट्ट्यांपायी पीस अडतो, सो पीस विकत घेण्याआधी त्यातला सगळ्यात खालचा नोट शोधा.

पाचसाठी लिहिलेलं कापून वाजवायचा नाद मी करून बसलोय. नसलेले नोट एक ऑक्टेव्ह वर उचलायचे, सोप्पं वाटतं. पण बास डी, सी, बी, ए असा उतरत असेल तर सी पर्यंत नीट येतो आणि मग बी-ए वर उडी मारतात, जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्यांवरून कोणी परत वर ओढल्यासारखं. आणि डावा हात वर सरकला की उजव्या हाताच्या मॅलेट्स आधीच त्याच पट्ट्यांवर असतात, टकाटक आपटतात. संगीतकार व्हिन्याओचं 'खान व्हेरिएशन्स' (नुसरत फतेह अली खान यांच्या थीमवरचं, भाचीचा जीव त्याच्यात अडकलाय) त्यातलंच. खर्ज काढून घेतलेला तानपुरा. नको.

मग बाख. चेलो सुइट्स एक ऑक्टेव्ह वर घेतले की चारमध्ये फिट्ट बसतात, नोट एकही सुटत नाही, पण आवाज आजोबांचा आणि काढतोय नातू असं होतं, मऊ मॅलेट्स घेऊन थोडं सावरतं तर वरच्या पट्ट्या मग बोलतच नाहीत. त्यापेक्षा व्हायोलिनचे सोनाटा-पार्टिटा घ्या! व्हायोलिनचा तळ जी, तो आपल्या तळाच्या वरच आहे, म्हणजे मूळ सुरांतच, काहीही न हलवता. जी मायनर सोनाटाचा प्रेस्टो (जलद भाग) तर मरिंबासाठीच लिहिल्यासारखा वाटतो, एकेरी सोळांशाची धार, कुठे लांब सूर धरायची भानगड नाही. त्याच सोनाटाचा अडाजिओ (संथ भाग) मात्र रोलवर धरावा लागतो, म्हणजे सूर लांबवायला तीच पट्टी भराभर वाजवत राहायची, आणि तिथे रोल कच्चा असेल तर लगेच उघडं पडतं.

संगीतकार क्रेस्टनचं मरिंबा कॉन्चेर्टिनो (ऑर्केस्ट्राच्या साथीची छोटी रचना) १९४० चं, न्यूयॉर्कमध्ये रूथ स्टुबरने पहिल्यांदा वाजवलं, पाच ऑक्टेव्ह मॉडेल बाजारात यायच्या कितीतरी आधीचं. त्यामुळे तडजोड शून्य. पहिली आणि तिसरी मूव्हमेंट दोन मॅलेट्सची, पळणारी, आणि मधली संथ, चार मॅलेट्सच्या कॉर्ड्सची. परीक्षकाला दोन्ही एकाच पीसमध्ये ऐकवता येतं. अडचण एकच, ऑर्केस्ट्राच्या जागी पियानोवाला लागतो, आणि तो चांगला लागतो.

('यलो आफ्टर द रेन' हा मरिंबाचा पीस पण चारवर मस्त बसतं पण ते शिकायच्या दिवसातलं, ऑडिशनला नेऊ नका.)

भाचीला प्रेस्टो आत्ताच सुरू कर म्हटलंय. पियानोवाला दिवाळीपर्यंत मिळाला तर क्रेस्टनची मधली मूव्हमेंट, नाहीतर तोच अडाजिओ, आणि रोल रोज पंधरा मिनिटं.