परसातली फरसबी वर्षभर: प्रेस्टोच्या २३ क्वार्टच्या प्रेशर कॅनरचं परीक्षण

अमेरिकेत मागच्या अंगणात वाफे केलेल्या मराठी घरांत जुलै-ऑगस्टमध्ये फरसबी, भेंडी, टोमॅटो सगळं एकदमच येतं. शेजारीपाजारी वाटून झालं तरी टोपली भरलेलीच असते, आणि फ्रीझर आधीच खवलेल्या नारळानं नि पुरणानं गच्च असतो. अशा वेळी भाजी काचेच्या बरणीत हवाबंद करून फडताळात ठेवणं, म्हणजे कॅनिंग, हा उत्तम मार्ग आहे. त्यासाठी प्रेस्टो कंपनीचा २३ क्वार्टचा, म्हणजे सुमारे पावणेबावीस लिटरचा प्रेशर कॅनर (मॉडेल ०१७८१) घ्यावा का, याचं हे परीक्षण. उत्तर आधीच सांगतो: घ्यावा. मात्र सोबत तीन तुकड्यांचं वजन वेगळं मागवावं, आणि शिट्ट्या मोजायची सवय ओट्यापासून लांब ठेवावी.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो. घरात पाच लिटरचा कुकर आहे, त्यात बरण्या का ठेवायच्या नाहीत? कारण आपण इथे भाजी शिजवत नसतो, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मारत असतो. हे बीजाणू मातीत असतात, भाजीबरोबर घरात येतात आणि उकळत्या पाण्यात, म्हणजे १०० अंशांना, मरत नाहीत. हवा नाही, आंबटपणा नाही, ओलावा भरपूर, अशी बंद बरणी त्यांना हवीच असते. तिथे ते वाढून विष तयार करतात, आणि त्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. लोणच्याच्या बरणीत ही भीती नसते, कारण तिथे आंबट आणि मीठ राखण करतात. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट), ४.६ किंवा त्याखाली असला की हा जिवाणू वाढत नाही. फरसबी, मका, गाजर, बटाटा, भोपळा हे सगळे त्या रेषेच्या वरचे. त्यांना साधारण ११६ अंशांची वाफ ठरावीक वेळ मिळालीच पाहिजे, आणि ती फक्त दाबाखालीच मिळते.

यूएसडीएच्या (अमेरिकेच्या कृषी खात्याच्या) वेळा काढताना भांडं तापायला आणि आपोआप थंड व्हायला लागणारा वेळही त्यात धरलेला आहे. छोटा कुकर झटकन तापतो, झटकन निवतो. म्हणजे तीच मिनिटं मोजली तरी बरणीच्या मध्यापर्यंत उष्णता कमी पोचते. म्हणून क्वार्टच्या किमान चार बरण्या मावतील एवढंच भांडं कॅनर म्हणून चालतं. इलेक्ट्रिक मल्टिकुकरही या कामाला नको. एप्रिल २०१५ मध्ये ओहायोतल्या लँकेस्टर गावी एका चर्चच्या सहभोजनात २९ जणांना याच विषानं होणारा बोट्युलिझम हा आजार झाला, त्यातली एक व्यक्ती दगावली. कारण ठरलं पोटॅटो सॅलड. त्यातले घरी भरलेले बटाटे प्रेशरमध्ये न घालता नुसत्या उकळत्या पाण्यातून काढले होते.

आता भांड्याकडे. अ‍ॅल्युमिनियमचं, रिकामं असताना साडेपाच किलोच्या आसपास. क्वार्टच्या (सुमारे ९५० मिली) सात बरण्या मावतात. पाइंटच्या (सुमारे ४७५ मिली) दोन थर लावून वीस. मात्र सोबत तळाची जाळी एकच येते, दोन थरांसाठी मधली दुसरी वेगळी घ्यावी लागते. झाकणावर चार गोष्टी आहेत: दाब दाखवणारी घड्याळासारखी तबकडी, वाफ सोडणारी नळी, दाब चढला की वर येऊन झाकण अडकवणारी धातूची छोटी खुंटी आणि जास्त दाब झाला तर उडणारं काळं रबरी बूच. नळीवर ठेवायचं वजन येतं ते १५ पाउंड दाबाचं (म्हणजे चौरस इंचाला १५ पाउंड), अखंड.

नवशिक्यांचा घोळ होतो तो याच वजनाशी. आपल्या कुकरचं वजन उडालं की काम चाललंय, असं आपल्या हाताला पक्कं बसलेलं असतं. इथे तसं नाही. ६१० मीटर उंचीपर्यंतच्या गावात तबकडीवर ११ पाउंड हवेत, आणि ११ ला हे १५ चं वजन हलतही नाही, गप्प बसून असतं. म्हणजे अख्खा वेळ काट्यावर नजर ठेवून शेगडीची आच कमीजास्त करत राहायची. कंपनीचंच तीन तुकड्यांचं वजन मिळतं, ते घेतलं की हा ताप जातो: नुसता मधला भाग ५ पाउंड, एक कडं चढवलं की १०, दोन्ही कडी चढवली की १५. मग १० च्या वजनाच्या डुलण्याचा हलका आवाज कानाला सतत ऐकू येतो आणि फरसबीच्या शिरा काढत बसलं तरी चालतं. कंपनीनं हे मूळ डब्यातच द्यायला हवं होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उंचीचा हिशेब मात्र दोन्हींचा वेगळा. तबकडीवर दर २,००० फुटांना एक पाउंड वाढतो. डेन्व्हरसारख्या ५,२८० फुटांवरच्या गावात १३ लागतात. वजनावर चालवत असाल तर १,००० फुटांपर्यंत १०, त्याच्या वर थेट १५. कोणी हा कॅनर पुण्याला नेलाच, तर ५६० मीटरवर (सुमारे १,८४० फुटांवर) तबकडीनं ११ पुरतात, पण वजनानं १५ च हवेत.

एक घाणा फरसबीचा कसा निघतो ते बघू. सात क्वार्टला साधारण साडेसहा किलो शेंगा लागतात. कोवळ्या, कट्‌कन मोडणाऱ्या घ्यायच्या. दाणे टपटपीत झालेल्या नकोत. धुऊन, देठ-शिरा काढून इंचभराचे तुकडे, पाच मिनिटं उकळायचे आणि गरम असतानाच गरम बरणीत सैलसर भरायचे. दाबून भरले तर मधे उष्णता पोचत नाही. हवं तर क्वार्टला एक चहाचा चमचा मीठ. ते चवीपुरतं आहे, टिकण्याशी त्याचा संबंध नाही. वरून उकळतं पाणी, आणि तोंडाशी बरोबर एक इंच जागा मोकळी. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी कडेनं फिरवून बुडबुडे काढायचे, पाणी खाली गेलं तर परत एक इंचापर्यंत आणायचं. बरणीचा काठ ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसायचा. शेंगेचा एक धागा तिथे राहिला तरी झाकण धरत नाही. चपटं झाकण दर वेळी नवं, त्यावरची आटे असलेली रिंग बोटांच्या टोकांनी आवळली जाईल एवढीच घट्ट. मनगटाचा जोर लावला तर आतली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि झाकण मुडपतं.

कॅनरमध्ये पावणेतीन लिटर गरम पाणी, त्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर म्हणजे बरण्यांवर पांढरा थर बसत नाही. बरण्या जाळीवर, झाकण फिरवून बंद, वजन अजून ठेवायचं नाही. नळीतून वाफेचा सरळ, जोरकस झोत सुरू झाला की घड्याळ लावून पूर्ण १० मिनिटं तो तसाच जाऊ द्यायचा. ही दहा मिनिटं वाचवू नका. आत हवा अडकून राहिली तर काटा ११ दाखवतो, पण हवा मिसळलेली वाफ त्या दाबाला जेवढी तापायला हवी तेवढी तापत नाही. बाहेरून सगळं बरोबर दिसतं आणि बरणी कच्ची राहते. मग वजन ठेवायचं, काटा ११ वर आला की वेळ मोजायला सुरुवात: पाइंटला २० मिनिटं, क्वार्टला २५. मधे काटा ११ च्या खाली गेला, अगदी शेवटच्या मिनिटाला गेला तरी, परत दाब चढवून वेळ शून्यापासून धरायची.

वेळ झाली की आच बंद, आणि भांड्याला हात लावायचा नाही. नळाखाली धरणं, ओला फडका टाकणं, वजन उचलून वाफ सोडणं, आपल्याकडच्या या सगळ्या युक्त्या इथे बंद. दाब झपकन उतरला की बरणीतलं पाणी उकळून झाकणाखालून बाहेर येतं, शेंगा अर्ध्या उघड्या पडतात आणि कधी बरणीच तडकते. भरलेलं भांडं पंधरा किलोच्या वर जातं, त्यामुळे ते हलवायचा मोहही नको. खुंटी आपली आपण खाली बसली की वजन काढायचं, दहा मिनिटं थांबायचं, झाकण आपल्यापासून पलीकडच्या बाजूला उघडायचं. बरण्या चिमट्यानं सरळ उचलून टॉवेलवर, एकमेकींपासून इंच-दोन इंच लांब. थोड्या वेळानं झाकणं टक्‌ टक्‌ करत आत बसायला लागतात. बारा ते चोवीस तासांनी मधोमध दाबून पाहायचं. झाकण वर-खाली झालं तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवायची. बाकीच्यांच्या रिंगा काढून, पुसून, तारीख घालून अंधाऱ्या गार जागी ठेवायच्या. रिंग तशीच ठेवली तर सुटलेलं झाकण लपून राहतं. सगळं धरून एका घाण्याला अडीच तास जातात.

बाकी भाज्यांच्या वेळा, पाइंट आणि क्वार्ट या क्रमानं: भेंडी २५ आणि ४०, गाजर २५ आणि ३०, बीट ३० आणि ३५, मटार दोन्हीला ४०, मक्याचे दाणे ५५ आणि ८५, पालकासारखा पाला ७० आणि ९०. पाल्याला एवढी मिनिटं का, तर तो बरणीत थापून बसतो आणि उष्णता आत शिरायला वेळ लागतो. इतका वेळ गेल्यावर पालकाचं जे उरतं ते पाहता तो फ्रीझरमध्येच बरा. लाल भोपळा इंचभराच्या फोडी करूनच, ५५ आणि ९०. घारग्यांसाठी म्हणून त्याचा गर किंवा लगदा बरणीत भरायचा नाही, तो घट्ट असल्यामुळे मध्यापर्यंत उष्णता नेमकी किती पोचेल याचा भरवसा नसतो. भेंडी सुट्टी परतायला नाही मिळणार, मऊ होते; सांबारात किंवा ताकातल्या भेंडीला छान लागते. फरसबी मात्र ओलं खोबरं घालून केलेल्या भाजीत शोभते, फक्त पाणी निथळून शेवटी घालायची.

गवार, दुधी, दोडका, कारलं, वांगं यांच्यासाठी तपासून ठरवलेली वेळ नाही, त्यामुळे ती भरायची नाहीत. फरसबीची वेळ गवारीला लावू नये. फोडणी दिलेली भाजी बरणीत नको: तेलाच्या थरात बीजाणूंना उष्णतेपासून आडोसा मिळतो. बेसन, दाण्याचं कूट, तांदळाचं पीठ यांनी रस दाट होतो, तेही नको. मसाला बरणी उघडल्यावर. आणि टोमॅटोला आंबट समजून मोकळं सोडू नका. तो पीएच ४.६ च्या काठावर असतो, म्हणून प्रेशरमध्ये घातला तरी क्वार्टला दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस किंवा अर्धा चहाचा चमचा सायट्रिक ॲसिड घालायचंच. ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, म्हणून बाटलीतला.

या कॅनरची देखभाल म्हणजे मुख्यतः तबकडीची. काटा कालांतरानं सरकतो, म्हणून दर वर्षी हंगामाआधी तो तपासून घ्यायचा. अनेक काउंटींच्या (जिल्ह्यांच्या) एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे शेती-घरकामाचा सल्ला देणाऱ्या कार्यालयात, प्रेस्टोच्या तबकड्या तपासून मिळतात. झाकणच घेऊन जायचं. दोन पाउंडांपेक्षा जास्त फरक निघाला तर तबकडी बदलायची. ती कधी पाण्यात बुडवू नये. नळी उजेडाकडे धरून आरपार दिसतंय ना ते प्रत्येक वापराआधी पाहावं. मक्याचा चिकट फेस तिथे वाळून बसतो. झाकणातली रबरी रिंग आणि काळं बूच तीन वर्षांनी बदलावं, रबर कडक किंवा चिरलेलं दिसलं तर त्याआधीच.

याच्या शेजारी दुकानात ऑल अमेरिकन ९२१ असतो. जाड ओतीव अ‍ॅल्युमिनियम, रबरी रिंगच नाही, धातूवर धातू बसतो, झाकण सहा मळसूत्रांनी समोरासमोरच्या जोड्या धरून आवळायचं. दाब वजनावरच सांभाळायचा, त्यामुळे तबकडी तपासायची धावपळ नाही. किंमत मात्र प्रेस्टोच्या तिपटीच्या घरात, आणि त्यातही क्वार्टच्या सातच बरण्या मावतात. वर्षाला पाच-सहा घाणे काढणाऱ्या घराला तेवढ्या पैशांची गरज नाही. प्रेस्टो अधिक तीन तुकड्यांचं वजन यात काम चोख होतं. अर्धा एकर लावणाऱ्यांनी ऑल अमेरिकन घ्यावा.

मागवण्याआधी शेगडी बघा. इंडक्शनवर ०१७८१ चालत नाही, त्यासाठी प्रेस्टोचाच वेगळा इंडक्शनचा कॅनर आहे. गॅसचा बर्नर १२,००० बीटीयूपेक्षा (बीटीयू म्हणजे आचेच्या ताकदीचं माप) मोठा असेल तर कंपनी तो वापरू नका म्हणते. नव्या शेगड्यांचा पुढचा मोठा बर्नर पुष्कळदा याच्या वरचा असतो, तेव्हा मागचा मध्यम वापरावा. मग टेप घेऊन शेगडीपासून वरच्या मायक्रोवेव्हपर्यंतची उंची मोजा. भांडं मावलं तरी झाकण उचलायला आणि बरणी उभी बाहेर काढायला वर हातभर जागा राहिली पाहिजे.