सोन्याचे जुने खिशातले घड्याळ : नऊ महिन्यांच्या वापरानंतर
एल्जिन या अमेरिकी कंपनीचे झाकणाचे घड्याळ मी गेल्या दिवाळीपासून रोज वापरतो. नाशिकचा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा त्याने पाहिल्यावरच हा अनुभव लिहीत आहे. यंत्रावरील क्रमांकावरून ते 1907 सालचे ठरते. डबीवरचा क्रमांक यासाठी उपयोगाचा नाही, कारण त्या काळी डबी आणि यंत्र बहुधा वेगवेगळ्या कारखान्यांत बनत.

सराफ बाजारात तपासल्यावर डबी 14 कॅरेटची, म्हणजे 58.5 टक्के सोन्याची निघाली. ही तपासणी अवश्य करावी. डबीवर 20 किंवा 25 वर्षांच्या हमीचा शिक्का असेल, तर ती हलक्या धातूवर सोन्याचा पत्रा चढवलेली असते.

माझ्या मते अशा घड्याळाची खरी अवस्था झाकणाच्या कडेवर कळते. झाकण अडकवणारी खिट्टी पोलादाची आणि कड मऊ सोन्याची असल्यामुळे, नुसते दाबून झाकण लावले की प्रत्येक वेळी कड थोडी घासली जाते. माझ्या घड्याळाची कड आधीच बरीच झिजलेली होती. आता मी चावीचे डोके दाबून धरतो, झाकण टेकवतो आणि मगच डोके सोडतो; नऊ महिन्यांत झाकण तसूभरही सैल झालेले नाही.

सुरुवातीला ते रोज दोन मिनिटे मागे पडत असे. कारागिराने उघडले तेव्हा तेल चिकट होऊन वाळलेले आणि मुख्य स्प्रिंगचा जोर गेलेला आढळला. सफाई करून स्प्रिंग बदलल्यापासून, सकाळी ठरल्या वेळी चावी दिली, तर दिवसाला वीस-पंचवीस सेकंदांचाच फरक पडतो. आडवे ठेवल्यास चाल बदलते, म्हणून रात्रीही मी ते उभेच टांगतो. पावसात मात्र ते घरीच राहते. डबीत पाणी शिरले, तर पोलादी भाग गंजायला वेळ लागत नाही.

तबकडीच्या मिन्यावर चारच्या आकड्याजवळ केसासारखी चीर आहे, ती वाढलेली नाही. एका सराफाने डबीला पॉलिश करून देतो म्हटले, पण झाकणावरची वेलबुट्टी आधीच पुसट झाली आहे आणि पॉलिश म्हणजे तिच्यावरचे सोने आणखी घासून काढणे, म्हणून मी ठामपणे नकार दिला.