आठ महिने जपमाळ आणि पाच मिनिटांचं ध्यान: एडीएचडी असलेल्या बाईचा अनुभव

मला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याची आणि आतबाहेर चुळबुळ होण्याची मेंदूची अडचण, आहे हे वयाच्या 41व्या वर्षी कळलं. खरं तर तपासणी मुलाची होती. डॉक्टरांनी दिलेला फॉर्म भरताना उत्तरं त्याची लिहीत होते आणि डोळ्यांपुढे माझी शाळा येत होती. खिडकीबाहेर बघत बसलेली, वही घरी विसरून आलेली, पण कुणाला त्रास न देणारी मुलगी. मुलींच्या बाबतीत हे असंच निसटून जातं. वर्गात उड्या मारणारा मुलगा बाईंना लगेच दिसतो. आतल्या आत भरकटणारी मुलगी 'वेंधळी' ठरते, 'धांदरट' ठरते आणि तशीच मोठी होते.

महिन्याभराने माझंही निदान झालं आणि मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध सुरू झालं. गोळीने कामाला हात घालणं सोपं झालं. पण 'मी आळशी आहे, माझ्या हातून काही धड होत नाही' हे इतकी वर्षं स्वतःला ऐकवलेलं गोळीने कसं जाणार? त्यासाठी समुपदेशक ताईंनी माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे स्वतःला दोष न देता लक्ष देण्याचं ध्यान, सुचवलं. त्याला आता आठ महिने झाले.

पहिले सहा आठवडे मी चुकीच्या पद्धतीने केलं. फोनवरचं ॲप, डोळे मिटून वीस मिनिटं, श्वासावर लक्ष. तिसऱ्या मिनिटाला मन लाईटबिलावर, तिथून भावाच्या लग्नात हरवलेल्या कानातल्यावर. पाय आपोआप हलायचे. बसून उठले की रडू यायचं, कारण साधं शांत बसणंही आपल्याला जमत नाही असं वाटायचं. ज्या बायकांनी याच टप्प्यावर ध्यान सोडलं असेल, त्यांना मला सांगायचंय की दोष तुमचा नव्हता. माप चुकलं होतं.

ताईंनी वेळ थेट पाच मिनिटांवर आणली, तीही हवी तर चालत. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मानसोपचारतज्ज्ञ लिडिया झायलोव्स्का यांनी एडीएचडीसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम बेतला होता, त्याबद्दल ताईंनीच सांगितलं. सुरुवात पाच मिनिटांनी, मग हळूहळू पंधरापर्यंत, बसवत नसेल तर चालत ध्यान. त्याचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. 24 प्रौढ आणि 8 किशोरवयीन, तुलनेसाठी दुसरा गट नाही, म्हणजे अभ्यास छोटाच. त्यांना फायदा दिसला, पण तेवढ्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. मला त्यातून एवढं मिळालं की ध्यान आपल्या अंगाच्या मापाने बेतून घेता येतं.

मग आईची तुळशीची जपमाळ काढली, आणि खरा फरक तिथून पडला. 108 मणी, मधल्या बोटावर माळ, अंगठ्याने मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही. 'राम कृष्ण हरी' म्हणत एक माळ साधारण पाच-सहा मिनिटांत होते. हाताला काम असतं, ओठांना काम असतं, त्यामुळे शरीर तक्रार करत नाही. आकडे मोजावे लागत नाहीत, माळेच्या टोकाचा मोठा मेरुमणी हाताला लागला की कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मन कुठेही गेलं तरी बोट मण्यावरच असतं. परत यायला जागा असते. नुसत्या श्वासाकडे मला परत येताच यायचं नाही, कारण मधल्या वेळात तो कुठे होता तेच कळायचं नाही.

आईला म्हटलं, "अगं, माझं अर्धं लक्ष दुसरीकडेच असतं." ती म्हणाली, "जाऊ दे की. माळ खाली ठेवू नकोस म्हणजे झालं." गीतेच्या सहाव्या अध्यायात हेच आहे: चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला परत आणावं. मन जाणारच, हे तिथे गृहीत धरलेलं आहे! हे कळलं त्या दिवशी मी माळ हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. मी जिला रोजची हार समजत होते, ते परत येणं हीच साधना होती.

याचा उपयोग माळेबाहेर कसा झाला, त्याचं एक उदाहरण देते. चौथ्या महिन्यात एका सकाळी दूध उतू गेलं. पूर्वी अशा वेळी मी मुलावर ओरडायचे. त्या दिवशी ओरडण्याआधी छातीत काहीतरी घट्ट आवळलेलं जाणवलं आणि लक्षात आलं की हा राग नाही, ही लाज आहे. 'परत तेच केलंस' ही लाज. मी ओटा पुसला, दुसरं दूध ठेवलं. मुलगा आत येऊन शांतपणे चहा पिऊन गेला. स्वतःबद्दल इतकी मोठी गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती.

काय बदललं नाही, तेही लिहायला हवं. वेळेचा अंदाज अजून येत नाही. किल्ल्या हरवतात. अलार्म आणि फ्रिजवरची पाटी अजून लागतेच. पाळीच्या आधीचा आठवडा जड जातो. त्या दिवसांत इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं संप्रेरक खाली येतं, त्याचा डोपामिनशी, म्हणजे लक्ष लागण्याशी जोडलेल्या मेंदूतल्या रसायनाशी, संबंध आहे, आणि एडीएचडीच्या कितीतरी बायकांना तेव्हा त्रास वाढलेला जाणवतो. तेव्हा मी उभ्याउभ्या एकच माळ करते. गुरुवारी देवळात बायकांसोबत हरिपाठ म्हणते. टाळ्या, टाळ, पावलं. अंग हलतं ठेवून मन लावायची इतकी चांगली सोय दुसरीकडे मला सापडली नाही. दहा दिवसांच्या मौन शिबिराचा विचार सध्या बाजूला ठेवलाय. रोजची तासन्‌तास बैठक मला इतक्यात झेपणार नाही, आणि डॉक्टरांचंही तेच मत पडलं.

आणि एक कळकळीची गोष्ट. एका सत्संगात मला म्हणाले, नामावर विश्वास असेल तर गोळ्या कशाला? मी नऊ दिवस गोळी बंद केली. ऑफिसात दोन मोठ्या चुका झाल्या, घरी रोज भांडणं, आणि जपसुद्धा बंद पडला. गोळी पुन्हा सुरू केली तेव्हा माळही सुरू झाली. कुणाच्याही सांगण्यावरून औषध सोडू नका, आपल्या डॉक्टरांशी बोला.

रोज जमतंच असं नाही. वहीत खुणा करते, महिन्यातले अठरा-वीस दिवस भरतात. माळ देव्हाऱ्यात ठेवली की मला तिची आठवण राहत नाही, म्हणून गोमुखीत, म्हणजे जपाच्या पिशवीत, घालून चहाच्या डब्याजवळच्या खिळ्याला अडकवली आहे. आईला आधी ते खटकलं होतं. गेल्या महिन्यात आली तेव्हा तिने न बोलता तो खिळा काढला आणि भिंतीवर जरा उंच, तेलाचे शिंतोडे उडणार नाहीत असा, पुन्हा ठोकून दिला.