बोल्डरची ड्रेनेज सर्व्हिस : ५ पैकी ४ (मार्क माशांकडे बघून दिलेत)

कोलोरॅडोत बोल्डरला राहणाऱ्यांना युटिलिटी बिलात पाण्याच्या खाली वेस्टवॉटरची वेगळी ओळ येते, तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मिसळीचा रिव्ह्यू टाकतो तर ह्याचा का नको, पैसे तर दोन्हीकडे जातात.

नुसता फ्लश नीट चालतो का एवढंच बघायचं तर पाच देऊन मोकळं व्हावं. पण ते पाणी पुढे ७५व्या स्ट्रीटवरच्या, सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमधून बोल्डर क्रीक ह्या ओढ्यात जातं, आणि क्रीकला पाणी कमी असलं की प्लांटच्या खाली जे वाहतं त्यातलं निम्म्याहून जास्त प्लांटचंच असतं. (गावात पोरं ट्यूबवर बसून तरंगतात ते वरचं, डोंगराचं पाणी, उगाच घाबरू नका.) म्हणजे खरे गिऱ्हाईक खालचे मासे.

आणि आधी त्यांचे हाल होते. कोलोरॅडो विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ डेव्हिड नॉरिस आणि त्यांच्या टीमने इथले व्हाईट सकर तपासले, तळाशी चरणारा साधा मासा, तर प्लांटच्या वर सगळं ठीक आणि खाली माद्याच माद्या, नर मोजके, काहींच्या अंगात दोन्हीकडचं थोडं थोडं. कारण इस्ट्रोजेन, मादीची लक्षणं घडवणारं हार्मोन. आपल्या लघवीतून शरीर ते दुसऱ्या रेणूशी गाठ मारून, निष्क्रिय करून बाहेर टाकतं, पण गटारातले जिवाणू ती गाठ सोडवतात आणि ते परत कामाला लागतं. गर्भनिरोधक गोळीतलं इथिनिलइस्ट्राडिओल तर अजून चिवट, कॅनडात एका अख्ख्या तळ्यात २००१ ते २००३ लिटरला ५-६ नॅनोग्रॅम एवढंच सोडलं होतं, तेवढ्यात फॅटहेड मिनो हे छोटे मासे जवळजवळ संपले तिथले.

मला सगळ्यात आवडला तो ट्रेलरचा प्रयोग. प्लांटपाशी ट्रेलरमध्ये टाक्या मांडल्या, त्यात प्लांटचं पाणी आणि नर मिनो. ह्या नराच्या डोक्यावर जाडसर गादी असते आणि नाकाडावर टोकदार फोड, विणीच्या काळातला सगळा रुबाब तोच. २००५-०६ मध्ये एक-दोन आठवड्यांतच हा रुबाब उतरला, शिवाय अंड्याच्या बलकाचं प्रोटीन नराच्या रक्तात! मग २००८ च्या सुमारास जुने ट्रिकलिंग फिल्टर (जिवाणूंच्या थरावरून पाणी झिरपवणारे) जाऊन ॲक्टिव्हेटेड स्लज आलं, म्हणजे पाण्यात हवा सोडून जिवाणूंचा गाळ जास्त वेळ त्यात घोळवत ठेवायचा, ते इस्ट्रोजेन खाऊन टाकतात. २०११ ला परत तोच प्रयोग केला तर २८ दिवस ठेवूनही नर बऱ्यापैकी नरच राहिले. गंमत म्हणजे हे अपग्रेड मुळात अमोनिया कमी करायला केलेलं, माशांचं भलं वरकड झालं. चांगली सर्व्हिस अशी फुकटात मिळाली तर तक्रार कशाला करायची, पण श्रेय देताना हातचं राखूनच देईन.

एक स्टार कापला तो ह्यासाठी की 'बऱ्यापैकी' म्हणजे पूर्ण नाही. आणि अमेरिकेत नदीतल्या माशांसाठी ह्या हार्मोनची सरकारी मर्यादाच ठरलेली नाही, त्यामुळे उद्या आकडा वाढला तरी नियम मोडला असं कोणी म्हणणार नाही. पुण्यात मुठेला तर मैलापाणी धड शुद्ध न होताच येऊन मिळतं, तिथे हार्मोनपर्यंत पोचायला वेळ आहे अजून, तो रिव्ह्यू कोणीतरी लिहा, माझ्याच्याने होणार नाही.

अजून एक, सगळं खापर गोळी घेणाऱ्या बायकांवर फोडणारे भेटतात. इस्ट्रोजेन बाई-पुरुष सगळ्यांच्या लघवीत असतं हो, गोळीचं त्यातलं थोडंच. उरलेली औषधं मात्र कमोडात टाकू नका, बऱ्याच फार्मसीत त्यासाठी बॉक्स ठेवलेला असतो.