बाटलीवरचं लेबल की मोबाइल?

युरोपीय संघात ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनचे घटक आणि पोषणमूल्यं सांगणं बंधनकारक आहे. घटकांची यादी क्यूआर कोडमागे ठेवली तरी चालते. उष्मांक आणि अ‍ॅलर्जीकारक घटक मात्र बाटलीवरच हवेत. मला ही वाटणी पटते. एका हातात पिशवी धरून दुकानात कोड स्कॅन करतो कोण? आपल्याकडची 'मद्यपान आरोग्यास हानिकारक' ही ओळ निदान नजरेला तरी पडते.

हिशेबात मात्र मोबाइल सरस. ब्रिटनमधल्या ड्रिंकअवेअर या मद्यपानाविषयी सल्ला देणाऱ्या संस्थेचं अ‍ॅप प्यायलेले 'युनिट' (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल) मोजून देतं. १३.५ टक्के अल्कोहोलची ७५० मिलीची बाटली म्हणजे सुमारे १० युनिट; तिथला सल्ला आठवड्याला १४च्या आत राहण्याचा. हे गणित लेबल वाचून मनात कोण मांडणार? (ड्रिंकअवेअरला पैसा मद्यउद्योगाकडूनही येतो, बरं का!)