नेकप्लेट खरी, गिटार जुळवलेली

१९६३ची अस्सल फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार म्हणून एका खरेदीदाराने पूर्ण किंमत मोजली. विक्रेत्याने तीन फोटो दाखवले होते: ‘एल’ने सुरू होणारा नंबर असलेली नेकप्लेट (नेक, म्हणजे गिटारचा दांडा, बॉडीला जोडतात तिथली मागची धातूची पट्टी), नेकच्या टाचेवरचा, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावरचा शिक्का आणि एका पॉटची (आवाज-टोन कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाची) पाठ. तिन्ही वस्तू खऱ्या निघाल्या, म्हणूनच संशय आला नाही. बाकीची गिटार मात्र इकडचे-तिकडचे भाग जोडून जुळवलेली होती.

जानेवारी १९६५मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीकडे गेली. त्याआधीच्या स्ट्रॅटोकास्टरला सर्वाधिक भाव आहे, त्यामुळे हा धंदा तिथेच जोरात चालतो. नेकप्लेट चार स्क्रूंवर बसते. ती काढून दुसऱ्या गिटारला लावायला पाच मिनिटं पुरतात. नंबरवरून साल ठरवूच नका.

शिक्का होता ‘२ मे ६३ बी’. यातला २ म्हणजे तारीख नव्हे, तो मॉडेलचा आकडा. बी ही नेकची रुंदी. नेक खरा होता. दाखवलेल्या पॉटवर ३०४६३२० होतं, म्हणजे ३०४ ही स्टॅकपोल कंपनी आणि ६३२० म्हणजे १९६३चा विसावा आठवडा. पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पाटी) उघडल्यावर उरलेल्या दोन पॉटवर १३७६६१२ निघालं: सीटीएस कंपनी, १९६६. पिकअपचा (तारांचे कंप टिपणाऱ्या भागाचा) तळही करडा होता. १९६३मध्ये तो काळा असायचा. सोल्डरचे जुने डाग मळकट झालेले असतात, इथले चकचकीत होते आणि कापडी आवरणाच्या वायरी मध्येच तोडून जोडल्या होत्या.

सगळ्यात मोठा घाव रंगाचा. तेव्हा कारखान्यात बॉडीवर बारीक खिळे ठोकत, रंगवून ती त्या खिळ्यांवर वाळवत आणि मग खिळे उपटत. म्हणून मूळ रंगाच्या बॉडीत पिकगार्डखाली सापडणाऱ्या त्या भोकांत कोरं लाकूड दिसलं पाहिजे. इथे भोकं रंगाने बुजली होती. नेकच्या खाचेत रंगवताना धरायची काठी स्क्रूने बसवत, तिच्या मापाची पट्टी वरच्या रंगाविना राहते; तीही नव्हती. अंधारात अतिनील दिवा धरला तर जुनं नायट्रो लॅकर (त्या काळचा चमकदार लेप) पिवळट-हिरवट चकाकतं. ही बॉडी काळपट दिसली. नुसता रंग बदललेला असला तरी किंमत जवळपास निम्म्यावर येते, इथे तर आतलं सामानही बदललं होतं.

पैसे देण्याआधी नेक काढलेला आणि पिकगार्ड उलटा ठेवलेला, असे दिवसाच्या उजेडातले फोटो मागा: तिन्ही पॉट, तिन्ही पिकअपचे तळ, खिळ्यांची भोकं, नेकची खाच. ‘उघडलं तर मूळपणा जातो’ हे उत्तर मिळालं तर सौदा तिथेच थांबवा; नीट उघडल्याने काहीही बिघडत नाही.

मुंबईत मागवणार असाल तर आणखी एक पाहा. या काळातला फ्रेटबोर्ड (नेकवरची बोटं ठेवायची पट्टी) ब्राझिलियन रोझवुडचा असतो आणि ते लाकूड १९९२पासून साइट्स या, धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १मध्ये आहे. परवाना नसेल तर कस्टम गिटार जप्त करू शकतं.